अमेरिकेचा धर्मस्वातंत्र्य अहवाल: नोंदी घ्या, यादी तपासून घ्या

धर्म आणि परराष्ट्र धोरण जिथे एकमेकांत गुंततात, तिथे काम करणाऱ्याला फुकट मिळणारं सगळ्यात मोठं साधन म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याचा ‘आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य अहवाल’. जवळपास दोनशे देश आणि प्रदेश, प्रत्येकावर स्वतंत्र प्रकरण, १९९९ पासूनची मालिका. नोंदणी नाही, वर्गणी नाही, आणि अमेरिकी संघराज्य सरकारचं लेखन असल्यामुळे प्रताधिकाराची अडचणही नाही. पत्रकार, संशोधक, आश्रय मागणाऱ्यांचे वकील असे सगळेच तो वापरतात. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: देशांची प्रकरणं उत्तम आहेत, पण अहवाल ज्या कायद्याखाली निघतो त्याच कायद्याखाली जाहीर होणारी, धर्मस्वातंत्र्याची गंभीर पायमल्ली करणाऱ्या ‘विशेष चिंतेच्या देशांची’ यादी मोजमाप म्हणून वापरण्याजोगी नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. यादी उचलतात आणि प्रकरण उघडतसुद्धा नाहीत.

हे असं का, ते कळायला आधी कायदा पाहावा लागतो. १९९८ साली बिल क्लिंटन यांच्या सहीने आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायदा आला. त्यातून तीन गोष्टी उभ्या राहिल्या: परराष्ट्र खात्यात एक स्वतंत्र कार्यालय आणि त्याचा प्रमुख असलेला विशेष राजदूत, दरवर्षीचा अहवाल, आणि सरकारबाहेरून सल्ला देणारा नऊ जणांचा आयोग. २०१६ साली अमेरिकी काँग्रेसचे माजी सदस्य फ्रँक वुल्फ यांच्या नावाच्या दुरुस्तीने त्यात भर पडली. मुख्य यादीखाली ‘विशेष देखरेख यादी’ आली, सरकार नसलेल्या सशस्त्र संघटनांसाठी वेगळा वर्ग आला, आणि कोणताच धर्म न मानणाऱ्यांचं संरक्षणही शब्दांत लिहिलं गेलं.

आता कोण काय लिहितं ते पाहा. प्रकरणाचा पहिला मसुदा त्या-त्या देशातला अमेरिकी दूतावास करतो. तिथला अधिकारी स्थानिक वर्तमानपत्रं वाचतो, पाद्री, इमाम, भिक्खू, वकील, स्वयंसेवी संस्था यांना भेटतो, कायद्यातले बदल टिपतो. वॉशिंग्टनचं कार्यालय तो मसुदा तपासतं आणि एका साच्यात बसवतं. यादीचा निर्णय मात्र परराष्ट्रमंत्र्यांच्या पातळीवर होतो, आणि तिथे टेबलावर व्यापार असतो, लष्करी तळ असतात, पुढच्या महिन्यातला दौरा असतो. एका कायद्याची ही दोन अपत्यं आहेत, पण एक नोंद आहे आणि दुसरा धोरणात्मक निर्णय.

प्रकरणाचा साचा ठरलेला आहे, त्यामुळे एकदा हात बसला की दहा मिनिटांत हवं ते सापडतं. आधी सारांश. मग पहिला भाग, धार्मिक लोकसंख्या. दुसरा भाग सरकारचा: त्यात कायद्याची चौकट आणि प्रत्यक्ष वागणूक असे दोन तुकडे. तिसरा भाग समाजाचा, म्हणजे जमाव, शेजारी, मालक, माध्यमं काय करतात. चौथा भाग अमेरिकेने काय केलं याचा.

सारांश वाचून थांबू नका. सारांशात ठळक घटना येतात. वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट, म्हणजे प्रार्थनास्थळाची नोंदणी, परदेशी धर्मोपदेशकांचे व्हिसा, दफनभूमीची परवानगी, शाळेतला धर्माचा तास, ही सगळी दुसऱ्या भागात दडलेली असते. त्यातही कायद्याची चौकट हा तुकडा सगळ्यात विश्वासार्ह. कोणत्या कलमाखाली काय गुन्हा, किती वर्षांची शिक्षा, नोंदणीला किमान किती सभासद लागतात, हे तिथे नेमकं मिळतं, आणि मूळ कायद्याशी पडताळूनही पाहता येतं. दोन वर्षांची प्रकरणं शेजारी उघडून फक्त हा तुकडा ताडून पाहा. काय बदललं ते लगेच कळतं, कारण न बदललेली वाक्यं बरीचशी शब्दशः तशीच राहतात.

प्रत्यक्ष वागणुकीच्या तुकड्यात क्रियापदांकडे लक्ष ठेवायचं. ‘अटक झाली’ आणि ‘अटक झाल्याचं संस्थांनी सांगितलं’ यांत फरक आहे, आणि अहवाल तो फरक कटाक्षाने पाळतो. पहिल्या प्रकारचं वाक्य दूतावास स्वतःच्या जबाबदारीवर लिहितो. दुसऱ्यात तो फक्त सांगणाऱ्याचं नाव पुढे करतो, खात्री देत नाही. उतारा घेताना हा ‘सांगितलं’ गाळला, की दावा नकळत वस्तुस्थिती होऊन बसतो. या अहवालाचा हवाला देताना होणारी सगळ्यात नेहमीची चूक हीच. अनेक प्रकरणांत एक इशाराही असतो: धर्म आणि वंश इतके जोडलेले आहेत की अमुक घटना केवळ धर्मामुळे घडली असं म्हणणं अवघड आहे. नायजेरियातले गुराखी आणि शेतकरी यांचे संघर्ष किंवा म्यानमारमधले रोहिंग्या यांच्याबद्दल लिहिताना हा इशारा सोबत ठेवलाच पाहिजे.

चौथा भाग लोक सोडून देतात. धोरण अभ्यासणाऱ्यासाठी खरी खाण तीच आहे. इथे कोणी कोणाशी बोललं ते लिहिलेलं असतं, आणि पातळी महत्त्वाची. विषय परराष्ट्रमंत्र्यांनी काढला, राजदूताने काढला, की ‘दूतावासातील अधिकाऱ्यांनी’ काढला? जाहीर निवेदन निघालं, की समाजमाध्यमावरचा एक संदेश, की इफ्तारचं आमंत्रण? सलग पाच वर्षांचे चौथे भाग ओळीने वाचले की वॉशिंग्टनला त्या देशाशी या विषयावर किती वाकडं घ्यायचं आहे ते स्पष्ट दिसतं. यादी ते सांगत नाही.

आता यादीबद्दल. कायद्याची कसोटी कडक आहे: उल्लंघन पद्धतशीर, सातत्याचं आणि उघडउघड गंभीर हवं, म्हणजे छळ, आरोपाशिवाय लांबलेली कैद, माणसं गायब होणं, या जातीचं. अहवालानंतर ९० दिवसांत निर्णय व्हावा अशी मुदत आहे. प्रत्यक्षात ती अनेकदा टळते. २०२३ सालचा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला. त्यात बारा देश होते: म्यानमार, चीन, क्यूबा, उत्तर कोरिया, इरिट्रिया, इराण, निकाराग्वा, पाकिस्तान, रशिया, सौदी अरेबिया, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान.

नाव यादीत आलं म्हणजे निर्बंध लागले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. कायद्यात पंधरा उपाय दिले आहेत. पहिला म्हणजे बंद दाराआड नापसंती कळवणं. शेवटाकडे मदत बंद करणं आणि कर्ज अडवणं येतं. यादीतल्या देशाविरुद्ध यातला जड उपाय योजावा लागतो, पण त्यातून सुटायच्या वाटाही कायद्यातच आहेत. एक: आधीच दुसऱ्या कारणाने लागू असलेला निर्बंध याच कामासाठी दाखवायचा. चीनच्या बाबतीत तेच होतं. १९८९ च्या तियानानमेन हत्याकांडानंतर पोलिसी उपकरणांच्या निर्यातीवर जी बंदी आली, तीच धर्मस्वातंत्र्याच्या खात्यावर मांडली जाते. चीनसाठी नवं काहीच लागू झालं नाही. दुसरी वाट म्हणजे कलम ४०७ खालची सवलत: ‘अमेरिकेच्या महत्त्वाच्या राष्ट्रीय हितासाठी’ निर्बंध माफ. २०२३ च्या निर्णयात पाकिस्तान, सौदी अरेबिया, ताजिकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान यांना ती मिळाली. सौदी अरेबिया २००४ पासून यादीत आहे. तिसरी वाट, त्या देशाशी बांधील करार, फक्त व्हिएतनामबाबत वापरली गेली. आणि खास या कायद्यापोटी नवा निर्बंध लागल्याचं उदाहरण इरिट्रियाचं, २००५ सालचं: संरक्षण सामग्रीची व्यापारी निर्यात बंद.

म्हणून यादीची बातमी वाचून थांबू नये. अमेरिकी राजपत्रात, म्हणजे ‘फेडरल रजिस्टर’मध्ये, त्या निर्णयाची अधिसूचना शोधावी. प्रत्येक देशापुढे कोणता उपाय लागू, आणि सवलत असेल तर कोणत्या कारणाने, ते तिथे दोन-तीन ओळींत असतं. संपूर्ण मालिकेतला सगळ्यात उपयोगी कागद कोणता असं विचारलं तर आम्ही या अधिसूचनेकडे बोट दाखवू.

यादीतून नावं कशी येतात-जातात त्याचे दोन नमुने जवळून पाहू. व्हिएतनाम सप्टेंबर २००४ मध्ये यादीत आला. मे २००५ मध्ये करार झाला, आणि सक्तीने धर्म सोडायला लावण्यावर बंदी, कैद्यांची सुटका, नोंदणीचे नवे नियम अशी काही पावलं हनोईने खरोखर उचलली. नोव्हेंबर २००६ मध्ये नाव काढलं गेलं. त्याच आठवड्यात जॉर्ज बुश अपेक परिषदेसाठी हनोईत उतरले आणि पुढच्या जानेवारीत व्हिएतनाम जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. इथे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सुधारणा झाली होती, आणि तारीख दौऱ्याने ठरवली. पुढे २०२२ अखेरीस व्हिएतनाम मुख्य यादीखालच्या देखरेख यादीत आला.

नायजेरियाचं उदाहरण अधिक बोलकं. डिसेंबर २०२० मध्ये नाव आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन राजधानी अबुजाला गेले, त्याच आठवड्यात ते निघालं. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस डोनाल्ड ट्रम्प यांनी ते पुन्हा घालत असल्याचं जाहीर केलं. मधल्या वर्षांची प्रकरणं वाचा. बोको हराम आणि इस्लामिक स्टेटच्या पश्चिम आफ्रिकी शाखेचे हल्ले, मध्य पट्ट्यातल्या हत्या, उत्तरेकडच्या राज्यांत शरिया दंडविधानाखालचे ईशनिंदेचे खटले या नोंदी वर्षागणिक चालूच आहेत. कानोतल्या शरिया न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये एका गायकाला ईशनिंदेबद्दल फाशी सुनावली, जानेवारी २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला. असा एखादा खटला पुढे सरकतो, पण कायदा तसाच राहतो. जमिनीवरची परिस्थिती एका आठवड्यात पालटली नव्हती, पालटलं ते वॉशिंग्टनचं गणित. हे ज्याला आकडेवारीत ‘० की १’ असं भरायचं असेल त्याची सगळी मांडणी फसेल.

अफगाणिस्तान यादीत का नाही, हा प्रश्न वारंवार येतो. उत्तर साधं आहे. देश म्हणून नाव घालायचं तर तिथल्या सरकारला सरकार म्हणावं लागतं, आणि अमेरिकेने तालिबानला मान्यता दिलेली नाही. म्हणून तालिबान संघटनांच्या वर्गात आहे. रिकामी जागा पाहून तिथे सगळं ठीक आहे असा अर्थ काढू नये.

आयोग आणि परराष्ट्र खातं यांची सरमिसळ ही दुसरी मोठी गफलत. यूएससीआयआरएफ नावाने ओळखला जाणारा आयोग केवळ शिफारस करतो. तीन आयुक्त राष्ट्राध्यक्ष नेमतात, उरलेले काँग्रेसमधले दोन्ही पक्षांचे नेते. विशेष राजदूत मताधिकाराशिवाय बसतो. आयोगाने २०२४ साली सतरा देशांची शिफारस केली: खात्याचे बारा, आणि वर अफगाणिस्तान, अझरबैजान, भारत, नायजेरिया, व्हिएतनाम. भारताची शिफारस २०२० पासून दरवर्षी होते आणि परराष्ट्र खात्याने ती स्वीकारलेली नाही. भारताचं परराष्ट्र मंत्रालय आयोगाचा अहवाल पक्षपाती म्हणून फेटाळतं. तेव्हा ‘अमेरिकेने भारताला यादीत टाकलं’ असा मथळा दिसला तर आधी कोणाचा कागद आहे ते पाहावं. आयोगाच्या प्रकरणात शेवटी आयुक्तांची वेगळी मतं छापलेली असतात, तीही वाचावीत. २०२० मध्ये भारताबाबत गॅरी बावर आणि तेन्झिन दोर्जी यांनी बहुमताशी असहमती नोंदवली होती. आयोगाची प्रकरणं आखूड आणि धारदार, खात्याची लांब आणि सावध. शिफारस कोणत्या घटनेवर उभी आहे ते आयोगात शोधा, आणि ती घटना खात्याच्या प्रकरणात कशी लिहिली आहे ते पाहा. दोघांच्या शब्दांतलं अंतर मोजलं तर आयोगाचा दाबही कळतो, खात्याचा आखडता हातही.

आता दोष, वापरताना अडखळवणारे.

कालखंड एकसारखा नाही. सुरुवातीचे अहवाल जुलै ते जून असे होते. मग जुलै ते डिसेंबर २०१० असा सहा महिन्यांचा एक तुकडा निघाला आणि २०११ पासून जानेवारी ते डिसेंबर सुरू झालं. आलेख काढताना हा सांधा लक्षात घेतला नाही तर २०१० सालात घटना अचानक निम्म्यावर आल्यासारख्या दिसतात. शिवाय मधल्या काळात प्रकरणांची लांबी बदलत गेली, त्यामुळे शब्द किंवा घटना मोजून ‘परिस्थिती बिघडली’ असं सिद्ध करता येत नाही. कधी कधी दूतावासाने अधिक लिहिलं इतकंच घडलेलं असतं.

दुवे मोडतात. सरकार बदललं की खात्याचं जुनं संकेतस्थळ वर्षांच्या नावाने वेगळ्या संग्रहात हलतं आणि तळटिपेतला पत्ता मरतो. संदर्भ देताना पान त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा, वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या संग्रहात प्रत साठवा, आणि तळटिपेत पत्त्यासोबत अहवालाचं साल, देश आणि भागाचा क्रमांक लिहा. साल लिहिताना आणखी एक पथ्य: २०२३ सालचा अहवाल जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. घटनांचं वर्ष आणि प्रकाशनाचं वर्ष यांची अदलाबदल सर्रास होते.

पहिल्या भागातल्या लोकसंख्येच्या टक्केवारीवर भार टाकू नये. एकूण लोकसंख्या अमेरिकी सरकारच्या अंदाजाची, ताजी असते. धर्मनिहाय वाटणी मात्र देशाकडे जी असेल ती. भारतासाठी २०११ ची जनगणना. लेबनॉनमध्ये तर १९३२ नंतर जनगणनाच झालेली नाही, कारण सत्तेची वाटणीच पंथांच्या प्रमाणावर उभी आहे. ताज्या आकड्यावर जुनी टक्केवारी लावून लाखांत संख्या काढली की ती अचूक दिसते, अचूक असत नाही.

आणि अमेरिका स्वतः या अहवालात नाही. ही उणीव मोठी आहे, पण लपवलेली नाही.

पर्याय म्हणून प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेचे दोन निर्देशांक सुचवले जातात: सरकारी निर्बंधांचा वीस प्रश्नांवर, सामाजिक वैराचा तेरा प्रश्नांवर, दोन्ही ० ते १० च्या मापात, १९८ देश, २००७ पासून. काम चोख आहे, प्रश्नावली उघड आहे, वर्षं एकमेकांशी जुळतात. मर्यादा दोन. आकडे साधारण दोन वर्षं मागे असतात. २०२२ चे डिसेंबर २०२४ मध्ये आले. आणि प्यूचे अभ्यासक ज्या प्रकाशित स्रोतांतून तथ्यं वेचतात त्यांत परराष्ट्र खात्याचा हा अहवाल आणि आयोगाचा अहवाल दोन्ही आहेत. म्हणजे ‘परराष्ट्र खातंही तेच सांगतं आणि प्यूही’ असं लिहिणं म्हणजे एकच साक्षीदार दोनदा उभा करणं. उत्तर कोरिया प्यूच्या मोजणीत नाहीच, विश्वासार्ह माहिती मिळत नाही म्हणून. खरोखर वेगळी साक्ष हवी असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या धर्मस्वातंत्र्यविषयक विशेष प्रतिवेदकाचे देशभेटींचे अहवाल घ्यावेत. हे पद १९८६ पासून आहे. मात्र प्रतिवेदकाला यजमान देशाचं निमंत्रण लागतं, त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथलाच अहवाल अनेकदा नसतो.

सगळ्यात मोठी त्रुटी विषयाच्या व्याप्तीची आहे. हा अहवाल धर्माकडे एकाच बाजूने पाहतो: कोणावर अन्याय होतो. सरकारं धर्म परराष्ट्र धोरणात कशी वापरतात हे त्याच्या चौकटीत बसत नाही. तुर्कस्तानचं दियानेत, म्हणजे सरकारी धर्मव्यवहार खातं, युरोपातल्या मशिदींत इमाम पाठवतं, ते तुकड्या-तुकड्यांत येतं. युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चला जानेवारी २०१९ मध्ये इस्तंबूलच्या धर्माध्यक्षांनी पूर्ण स्वातंत्र्याची (ऑटोसेफली) सनद दिली, त्याआधीच ऑक्टोबर २०१८ मध्ये मॉस्कोने त्यांच्याशी धर्मसंबंध तोडले. हा युद्धाच्या कहाणीचा भाग असूनही अहवालात तो रशिया आणि युक्रेन अशा दोन प्रकरणांत वाटला जातो, आणि तुर्कस्तानचं तिसरं प्रकरण उघडल्याशिवाय धागा पूर्ण होत नाही. चीन आणि व्हॅटिकन यांच्यातला बिशपांच्या नेमणुकीचा करार सप्टेंबर २०१८ चा, मजकूर अजून अप्रकाशित, ऑक्टोबर २०२४ मध्ये चार वर्षांसाठी वाढवलेला. चीनच्या प्रकरणात त्याचे परिणाम सापडतात, पण व्हॅटिकनने तो का केला हे समजून घ्यायला होली सीचं, म्हणजे पोपच्या धर्मशासनाचं, रोजचं प्रसिद्धिपत्रकच वाचावं लागतं.

असे धागे बांधायचे असतील तर जोडीला बार-इलान विद्यापीठातल्या जोनाथन फॉक्स यांचा ‘धर्म आणि राज्यसंस्था’ हा विदासंच (डेटासेट) उतरवून घ्या. १९९० पासूनची, १८० हून अधिक देशांची माहिती त्यात आहे, आणि सरकार धर्माला मदत कशी करतं याचे रकाने निर्बंधांच्या रकान्यांपासून वेगळे ठेवले आहेत. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाशी जोडलेल्या धर्मविषयक विदासंग्रहावरून, म्हणजे एआरडीएवरून, तो मोफत मिळतो. आधी कोणत्या आकड्याचा अर्थ काय ते सांगणारी संकेतपुस्तिका उघडा आणि मगच आकड्यांना हात लावा.